बी विंगच्या पार्किंगमध्ये रिमोट चालेनात

(सोसायटीचा ग्रुप, मंगळवार सकाळ)

मधुरा, ए-३०२ (७.४२): ऑटो इलेक्ट्रिशियनचा नंबर आहे का कोणाकडे? कालपासून रिमोटने गाडी लॉक होत नव्हती, किल्लीने करत होते. आज तर चालूच होईना. सेल्फ मस्त फिरतो, इंजिन दोन सेकंद चालतं आणि बंद. मीटरमध्ये किल्लीचं चित्र असलेला लाल दिवा लुकलुकतोय. साडेनऊला सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय 😩

नितीन, बी-५०४: रिमोटचा सेल गेला. ५० रुपयांचं काम.

शिंदे, सी-४०२: बॅटरी. माझीही गेल्या पावसाळ्यात अशीच गेली.

अमोल, ए-१०३: उंदीर. आधी बॉनेट उघडून वायरी बघा.

मधुरा: सेल काल रात्रीच नवा टाकला, काही फरक नाही. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर म्हणे टो करून आणा, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) बदलावा लागू शकतो. आकडा ऐकून मी फोनच ठेवला.

सेक्रेटरी: आज ११ ते २ पाणी बंद. टाकी सफाई. कृपया पाणी भरून ठेवावे.

सावंत काका, सी-१०१: मधुरा, टो मागवू नकोस. फोनवरून ईसीयू तपासणारा अजून जन्माला यायचाय. तुझी दुखणी दोन आहेत, ती आधी वेगळी कर. रिमोटने दारं उघडणं वेगळं आणि इमोबिलायझर, म्हणजे परक्या किल्लीने इंजिन चालू न देणारी यंत्रणा, वेगळा. रिमोटला सेल लागतो. इमोबिलायझरची चिप किल्लीच्या प्लॅस्टिकमध्ये बसवलेली असते, नखाएवढी, तिला सेल लागतच नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तांब्याच्या तारेचं कडं असतं. किल्ली फिरवलीस की ते कडं चिपला लांबूनच वीज पुरवतं, चिप आपली ओळख सांगते. ओळख पटली तरच ईसीयू इंजिन चालू राहू देतो. म्हणून सेल बदलून तो लाल दिवा जायचा नाही.

शिंदे, सी-४०२: म्हणजे बॅटरी नाहीच?

सावंत काका: अहो, सेल्फ मस्त फिरतो म्हणते ना ती. बॅटरी उतरली असती तर नुसतं कटकट वाजलं असतं. उतरलेल्या बॅटरीनेही इमोबिलायझर गोंधळतो, तुमचं अगदीच चूक नाही. मी मल्टिमीटर घेऊन खाली येतो. मधुरा, दुसरी किल्ली आहे?

मधुरा: कपाटात. कपाटाची किल्ली सासूबाईंकडे, आणि त्या अंघोळीला.

सावंत काका: बरं. तोवर जुडग्याचा फोटो टाक.

मधुरा: 📷

सावंत काका: ती दुसरी काळी जाड किल्ली कशाची?

मधुरा: संदीपच्या कंपनीच्या गाडीची. तो काल रात्रीच्या गाडीने नागपूरला गेला. हरवायला नको म्हणून मीच जुडग्यात अडकवली.

सावंत काका: सापडलं बहुतेक. तिच्यातही चिप आहे. एका कड्यासमोर दोन चिपा आल्या की दोघी एकदम बोलतात आणि गाडीला कोणाचंच धड ऐकू येत नाही. आपली जनरल बॉडी आठव. जुडग्यातून गाडीची एकटी किल्ली काढ, ती लोखंडी गणपतीची रिंगसुद्धा नको. इग्निशन बंद करून दहा मिनिटं थांब, काही गाड्या चुकीची चिप दिसली की थोडा वेळ रुसून बसतात. मग लाव.

अमोल, ए-१०३: तरी बॉनेट उघडून बघा.

मधुरा (८.०९): चालू झाली!!! दिवा तीन सेकंदांत विझला. काका 🙏🙏 बॅटरीपण बघितली त्यांनी, १२.५ व्होल्ट आली. रिमोट मात्र अजून मेलेलाच.

प्राची, बी-२०३: रिमोटचं मी बोलणारच होते. माझाही कालपासून इथे चालत नाही. ऑफिसच्या पार्किंगमध्ये पहिल्या दाबात चालतो!

रुपाली वहिनी, बी-३०१: आमचाही. ह्यांना वाटलं मुलाने पाण्यात टाकला. ओरडा खाल्ला बिचाऱ्याने.

नितीन, बी-५०४: माझाही. दोन सेल बदलले.

प्राची: म्हणजे १०० रुपयांचं काम 😄

परांजपे, ए-६०१: मंडळी, हे रिमोटचं दुखणं नाही. एकाच पार्किंगमध्ये चार वेगवेगळ्या गाड्यांचे रिमोट एकाच दिवशी जात नाहीत. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचे रिमोट ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. हा पट्टा कमी ताकदीच्या उपकरणांना विनापरवाना मोकळा आहे, त्यामुळे गेटचे रिमोट, वायरलेस बेल, सगळे तिथेच. एखादं उपकरण अडकून सतत ओरडत बसलं की गाडीला तुमच्या रिमोटचा आवाज पोचत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत ओहायो राज्यातल्या नॉर्थ ओल्मस्टेड गावात एका भागातले गाड्यांचे रिमोट आणि गॅरेजची दारं अशीच बंद पडली होती. शोध घेतला तर एका घरातलं हौशी उपकरण निघालं, वरच्या मजल्यावर कोणी आहे का ते सांगणारं. त्या भल्या माणसाला पत्ताच नव्हता.

शिंदे, सी-४०२: मग मधुराची गाडीही त्यानेच बंद पडली ना? सगळं एकच.

सावंत काका: नाही हो. चिपचं काम १२५ किलोहर्ट्झच्या आसपास आणि दोन-चार सेंटिमीटरच्या आत चालतं. त्याला या गोंगाटाशी देणंघेणं नाही. दोन वेगळ्या गोष्टी एकाच सकाळी झाल्या, इतकंच.

परांजपे: सगळ्यांनी एक करा. गाडी गेटबाहेर नेऊन रिमोट दाबा. मग हळूहळू आत या आणि कुठे चालेनासा होतो ते सांगा.

प्राची (८.३१): वॉचमनच्या केबिनपर्यंत चालतो. मीटर रूमपाशी अगदी दाराला चिकटून दाबला तरच. बी विंगच्या लिफ्टजवळ शून्य.

अमोल, ए-१०३: वॉचमनकडे गेटचा रिमोट आहे, तो रजिस्टरखाली दाबला गेला असेल.

सावंत काका: बघितला. ड्रॉवरमध्ये मोकळा पडलाय. सेल काढूनही पाहिला, फरक नाही.

परांजपे (८.४४): सापडलं! बी-००२ ची वायरलेस बेल. दाराबाहेरच्या बटणात परवा रात्रीचं पावसाचं पाणी शिरलंय. जिन्याच्या खिडकीतून तिथे थेट शिंतोडे येतात. बटणावरचा मोहरीएवढा लाल दिवा सतत पेटलेला. बटण हाताने दाबलं तर आतून चिक्क आवाज, पाणी बोटावर. मागचं झाकण काढून सेल बाहेर घेतला, आणि त्याच क्षणी प्राचीची गाडी खाली टुंग-टुंग.

रुपाली वहिनी: आमचीही उघडली. पण बेल सतत वाजत असेल तर कोणाला ऐकू कशी आली नाही?

परांजपे: ते गावी गेलेत, मेन स्विच बंद. आतली बेल मुकी, बाहेरचं बटण ओरडतंय.

रुपाली वहिनी: मुलाची माफी मागायला लावते ह्यांना.

नितीन, बी-५०४: माझी अजूनही नाही. लॉक दाबलं की चारही दारं खट करतात आणि लगेच परत उघडतात. गेटबाहेरही तेच होत होतं.

सावंत काका: मग हे आधी सांगायचं ना! रिमोट पोचतोय, म्हणूनच दारं खट करतायत. गाडीला कुठलं तरी दार उघडं आहे असं वाटतंय. सगळी दारं लावून आत बस आणि मीटरमध्ये दाराचं चित्र दिसतं का बघ.

नितीन: दिसतंय. दार तर बंद आहे.

सावंत काका: एकेक दार उघडून जोरात लाव, कुठल्या दाराने चित्र जातं ते कळेल. बहुतेक ड्रायव्हरचं असेल, तेच सगळ्यात जास्त वापरलं जातं. त्याच्या लॅचमध्ये छोटा स्विच असतो, पावसाळ्यात गंजतो. आधी साफ करून लॅचमध्ये स्प्रे मार. तेवढ्याने नाही भागलं तर दार आणि खांबाच्या मधल्या रबरी नळीतल्या वायरी तपासून घे, दार उघडझाप करून त्या आत तुटतात. आणि मागे तू बाजारातून जो अलार्म बसवून घेतलास, त्याची वायर कुठे जोडलीय तेही इलेक्ट्रिशियनला विचार. अशा अलार्मवाल्यांनी वायर सोलून नुसती चिकटपट्टी गुंडाळलेली मी किती वेळा पाहिलीय.

नितीन: मागे उजवीकडच्या दाराने चित्र गेलं. 🙏

सेक्रेटरी: कृपया ग्रुपवर फक्त सोसायटीचे विषय टाकावेत.

प्राची: पार्किंग सोसायटीचंच आहे ना 🙂

जोशी, बी-००२ (९.२०): आत्ता रेंज आली, सगळं वाचलं. मनापासून सॉरी मंडळी. बटण काढून वॉचमनकडे ठेवा, आल्यावर वायरवाली बेल बसवतो. फक्त तो सेल टाकू नका, निघायच्या आदल्या दिवशीच नवा घातलाय.