साताऱ्यात राहणाऱ्या अमेरिकन नागरिकांना आरोग्य विमा नसल्याचा दंड लागतो का?

अजिंक्यतारा_पायथा (मूळ प्रश्न)

नमस्कार. मी व माझी पत्नी सत्तावीस वर्षे न्यू जर्सीत राहून जून २०२४ मध्ये साताऱ्याला कायमचे परतलो. दोघांकडेही अमेरिकेचे नागरिकत्व आणि ओसीआय कार्ड आहे. माझे वय ६६ असून मला मेडिकेअरचे (ज्येष्ठांसाठीच्या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य विम्याचे) ‘ए’ (रुग्णालयाचा) आणि ‘बी’ (डॉक्टरांचा) हे दोन्ही भाग लागू आहेत. पत्नी ६४ वर्षांची आहे. तिची तिकडची पॉलिसी आम्ही निघताना बंद केली आणि येथील पॉलिसी अद्याप घेतलेली नाही.

गेल्या आठवड्यात ओळखीच्या एका गृहस्थांनी एक छापील कागद आणून दिला. विमा नसलेल्या प्रत्येक प्रौढामागे ६९५ डॉलर किंवा उत्पन्नाच्या अडीच टक्के, यांपैकी जी रक्कम जास्त असेल ती आयकरासोबत दंड म्हणून भरावी लागते, असे त्यावर लिहिलेले आहे. अमेरिकेचा नागरिक जगात कोठेही राहिला तरी त्याला आयकराचे विवरणपत्र भरावे लागते, हे मला ठाऊक आहे आणि मी ते भरतोही. म्हणूनच हा दंडही आमच्या मागे सदर बझारपर्यंत येणार की काय, अशी धास्ती वाटू लागली आहे. परदेशात ३३० दिवस राहिल्यास सूट मिळते असेही त्याच कागदावर आहे, परंतु २०२४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही ३६ दिवस तिकडे होतो. पत्नीने कालनिर्णयावर त्या दिवसांना लाल गोल केले आहेत, त्यामुळे आकडा पक्का आहे. न्यू जर्सीतले एडिसनचे घर अजून विकलेले नाही, ते कुलूपबंद आहे.

पत्नीसाठी साताऱ्यात बसून अमेरिकेतील पॉलिसी घ्यावी का? आणि ज्या मेडिकेअरचा येथे काडीचाही उपयोग नाही, त्याच्या ‘बी’ भागापोटी माझ्या सोशल सिक्युरिटीतून (अमेरिकेच्या सरकारी निवृत्तिवेतनातून) कापला जाणारा हप्ता, जो २०२५ मध्ये दरमहा १८५ डॉलर होता, पुढेही जाऊ द्यावा का?

संगम_माहुली

आपल्या हाती आलेला कागद जुना आहे. ६९५ डॉलर आणि अडीच टक्के हे दर २०१६ ते २०१८ या वर्षांचे आहेत. ओबामाकेअर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने २०१४ पासून प्रत्येकाला विमा सक्तीचा केला आणि पहिल्या वर्षी दंड ९५ डॉलर किंवा एक टक्का ठेवून तो पुढे वाढवत नेला. मात्र डिसेंबर २०१७ मध्ये संमत झालेल्या कर-कायद्याने २०१९ पासून ही रक्कम शून्यावर आणली. सक्तीचे कलम कायद्यात अजून आहे, पण अमेरिकेच्या केंद्र सरकारचा दंड उरलेला नाही. सूट मागण्यासाठी पूर्वी जो ८९६५ क्रमांकाचा फॉर्म जोडावा लागे, तोही आता वापरात नाही.

३३० दिवसांचा नियम खरा आहे. सलग बारा महिन्यांत ३३० पूर्ण दिवस परदेशात काढले, किंवा एका संपूर्ण कॅलेंडर वर्षाचा समावेश असलेल्या कालावधीत परदेशात खरोखरीचे वास्तव्य केले, तर त्या काळातील महिन्यांत विमा आहे असेच कायदा धरून चालतो. येथे ‘पूर्ण दिवस’ म्हणजे मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंतचे चोवीस तास. मुंबईहून विमानात बसल्याचा दिवस आणि परत उतरल्याचा दिवस त्यात धरला जात नाही, त्यामुळे आपले ३६ लाल गोल या हिशेबाने ३८ होतात आणि येथे आल्यापासूनच्या पहिल्या बारा महिन्यांत आपण थोडक्यात चुकता. परंतु २०२५ चे पूर्ण वर्ष साताऱ्यात वास्तव्य असल्याने दुसरी कसोटी आपल्याला लागू पडते. शिवाय ज्या दंडाची रक्कमच शून्य आहे, त्यातून सूट मिळवण्यासाठी दिवस मोजत बसण्याचे कारण नाही.

आपल्यापुरते तर हा प्रश्न मुळातच उद्भवत नाही, कारण मेडिकेअरचा ‘ए’ भाग असणे म्हणजे कायद्याच्या दृष्टीने पुरेसा विमा असणे. प्रश्न उरलाच तर तो पत्नीचा आणि तोही केंद्राकडून नव्हे, तर न्यू जर्सी राज्याकडून उरतो. केंद्राने दंड काढताच न्यू जर्सीने २०१९ पासून स्वतःची सक्ती आणि स्वतःचा दंड लागू केला. (कॅलिफोर्निया आणि ऱ्होड आयलंडने २०२० पासून तसेच केले, मॅसॅच्युसेट्समध्ये तर ओबामाकेअरच्याही आधीपासून आहे.) हा दंड राज्याच्या रहिवाशांना लागतो. न्यू जर्सीत अधिवास (कायद्याच्या दृष्टीने कायमच्या राहण्याचे ठिकाण) असलेली व्यक्ती तीन अटी एकत्र पूर्ण केल्या तरच अनिवासी ठरते: राज्यात कायमचे घर नसणे, राज्याबाहेर कायमचे घर असणे आणि वर्षभरात राज्यात ३० दिवसांपेक्षा अधिक न राहणे. कुलूपबंद घर आणि ३६ दिवस, म्हणजे पहिल्या व तिसऱ्या अटीवर आपण अडकता. तेव्हा या तीन अटींच्या वाटेला न जाता, अधिवासच जून २०२४ मध्ये साताऱ्यात हलवला, ही भूमिका आपल्याला घ्यावी लागेल आणि ती कागदांत दिसली पाहिजे. २०२४ चे राज्याचे विवरणपत्र आपण अर्धवट वर्षाचे रहिवासी म्हणून भरले होते की पूर्ण वर्षाचे?

पत्नीसाठी तिकडची पॉलिसी घेण्याचा विचार सोडून द्यावा. ओबामाकेअरखालील सरकारी विमा-बाजारातील पॉलिसीसाठी अमेरिकेत राहत असणे ही अट आहे. मुलीच्या पत्त्यावर पॉलिसी काढून साताऱ्यात राहणे म्हणजे चुकीचे निवेदन करणे, आणि त्यातून न्यू जर्सीच्या अधिवासाचा आणखी एक पुरावा आपल्याच हाताने तयार होतो.

अजिंक्यतारा_पायथा

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. आपण विचारलेला प्रश्न नेमका दुखऱ्या जागी लागला. गेल्या वर्षीचे विवरणपत्र मी संगणकावरील प्रणालीतून स्वतःच भरले. पत्ता एडिसनचाच राहू दिला, कारण बँकेची पत्रे तेथे मुलगी उचलते, आणि मागील वर्षाची माहिती जशीच्या तशी पुढे आल्याने आम्ही दोघेही पूर्ण वर्षाचे रहिवासी म्हणून नोंदले गेलो. जुलैपासून पत्नीच्या नावापुढे विम्याचे रकाने रिकामे आहेत. राज्याकडून अद्याप काही पत्र आलेले नाही.

संगम_माहुली

मग पत्राची वाट पाहू नये. न्यू जर्सीचे दुरुस्त विवरणपत्र एनजे-१०४०एक्स या फॉर्मवर भरता येते. त्यात जूनपर्यंतचे रहिवासी अशी दुरुस्ती करावी, पुढच्या महिन्यांचे उत्पन्न त्यानुसार वेगळे काढावे आणि साताऱ्याचा पत्ता घालावा. सोबत घरसामान पाठवल्याची पावती, साताऱ्यातील वीजबिल आणि तिकडची मतदार नोंदणी व वाहन परवाना यांबाबत काय केले, हे कागद फाइलमध्ये तयार ठेवावेत. घर विकायचे की भाड्याने द्यायचे, हेही लवकर ठरवलेले बरे. वापरायला केव्हाही मोकळे असलेले घर अधिवासाच्या प्रश्नात नेहमी विरुद्ध बाजूने बोलते.

हरिपूरकर

मेडिकेअरच्या ‘बी’ भागाबद्दल लिहितो, कारण आमच्या घरात तो अनुभव झालेला आहे. माझे थोरले बंधू २०१६ मध्ये सांगलीला परतले आणि ‘इथे कोण विचारतो’ म्हणून त्यांनी ‘बी’ भाग बंद केला. मेडिकेअर मोजके अपवाद सोडल्यास अमेरिकेबाहेरील उपचारांचे पैसे देत नाही, हे त्यांचे म्हणणे बरोबरच होते. सहा वर्षांनी पाठीच्या मणक्याचे दुखणे बळावले, मुलांनी तिकडे बोलावून घेतले, आणि तेव्हा समजले की ‘बी’ भागाशिवाय घालवलेल्या प्रत्येक पूर्ण बारा महिन्यांमागे हप्त्यात दहा टक्के वाढ होते आणि ती वाढ ‘बी’ भाग असेपर्यंत, म्हणजे जवळजवळ जन्मभर, राहते. त्यांचा हप्ता दीडपटीहून अधिक झाला. त्याहून मोठा त्रास प्रतीक्षेचा होता. अशी उशिराची नोंदणी वर्षात फक्त १ जानेवारी ते ३१ मार्च या काळात होते, आणि दादा तिकडे पोचले एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. पुढचा जानेवारी येईपर्यंत डॉक्टरांची बिले मुलांनी खिशातून भरली.

विम्याचा दंड म्हणून लोक ज्याला भितात तो केंद्रापुरता गेला आणि हा मात्र शिल्लक आहे. याची चर्चा फारशी होत नाही, म्हणून त्याकडे लक्षही जात नाही.

तसेच ३३० दिवस भरले की निवृत्तिवेतनही अमेरिकेत करमुक्त होते असे मी ऐकले आहे. ते खरे आहे का?

संगम_माहुली

नाही. ३३० दिवसांवर मिळणारी आयकराची वजावट फक्त कष्टाच्या कमाईला, म्हणजे पगार आणि व्यवसायाच्या उत्पन्नाला आहे. निवृत्तिवेतन, व्याज आणि लाभांश तिच्यात येत नाहीत.

‘बी’ भागाच्या बाबतीत मात्र नुसता हिशेब हरिपूरकरांच्या विरुद्ध जातो, हे नमूद केले पाहिजे. २०२५ च्या दराने वर्षाचे २,२२० डॉलर होत. पाच वर्षे बंद ठेवला तर ११,१०० डॉलर वाचतात. परत घेताना पन्नास टक्के वाढ म्हणजे वर्षाला १,११० डॉलर, म्हणजे वाचलेली रक्कम संपायला दहा वर्षे लागतात. मूळ हप्ताच बहुतेक वर्षी वाढत असल्याने प्रत्यक्षात थोडी कमी. जो पुन्हा तिकडे जाणारच नाही त्याने तो बंद करणे तोट्याचे नाही. पण मुलगी तिकडे आहे, नातवंड आहे आणि आपण वर्षाआड जाणार असाल, तर ‘ए’ भागातून रुग्णालयाचे बिल भागेल आणि तपासणाऱ्या डॉक्टरांचे नाही, हे ध्यानात ठेवावे. मी स्वतः आपल्या जागी असतो तर घराचा निकाल लागेपर्यंत तरी ‘बी’ चालू ठेवला असता. ‘ए’ भागाचा हप्ता आपल्याला बहुधा नसेलच, कारण त्यासाठी लागणाऱ्या चाळीस तिमाह्या दहा वर्षांच्या नोकरीत भरतात.

मिरज_जंक्शन

मी मिरजेत एका रुग्णालयाच्या विमा-विभागात चौदा वर्षे खिडकीच्या आतल्या बाजूला बसलो आहे, म्हणून भारतीय पॉलिसीपुरते लिहितो. भारतात विमा नसल्याचा कोणताही दंड आयकरात नाही, तेव्हा ती भीती बाळगू नये. पॉलिसी मात्र दोघांसाठीही या महिन्यातच घ्यावी, कारण आधीपासूनच्या आजारांसाठी ३६ महिन्यांपर्यंत प्रतीक्षाकाळ (ज्यात त्या आजारांचा दावा मिळत नाही) असू शकतो आणि त्याची घड्याळे पॉलिसी सुरू झाल्यावरच चालू होतात. पूर्वी ही मर्यादा ४८ महिन्यांची होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील जीएसटीही निघाला आहे.

अर्जात न्यू जर्सीतील सगळा इतिहास लिहावा. तिकडून आलेल्या माणसाची जुनी फाइल येथे कोणाला दिसणार, असे समजून रक्तदाब लपवणारे अनेक जण आमच्या खिडकीशी आले. भूलतज्ज्ञ विचारतात तेव्हा हीच मंडळी ‘वीस वर्षे गोळी चालू आहे’ असे सांगतात, ते केसपेपरवर उतरते, आणि तोच केसपेपर दाव्यासोबत कंपनीकडे जातो. सलग ६० महिने पॉलिसी चालल्यानंतर सिद्ध झालेल्या फसवणुकीखेरीज अन्य कारणाने दावा नाकारता येत नाही, पण तोवर पाच वर्षे जायची असतात.

खोलीच्या भाड्याची मर्यादाही अवश्य पाहावी. पाच लाखांच्या पॉलिसीत दिवसाला एक टक्का, म्हणजे ५,००० रुपये, अशी अट असेल आणि आपण ८,००० ची खोली घेतली, तर फक्त वरचे तीन हजार कापले जातात असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात शस्त्रक्रिया व डॉक्टरांच्या शुल्कासह खोलीशी जोडलेल्या खर्चाला पाच-अष्टमांशाचे (५,००० भागिले ८,०००) माप लागते, म्हणजे त्या खर्चाचाही तेवढाच हिस्सा मिळतो. घरी जायच्या दिवशी, सामान बांधून झाल्यावर, हा आकडा ऐकणारे चेहरे मी पुष्कळ पाहिले आहेत. म्हणून खोलीची मर्यादा नसलेली पॉलिसी थोडी महाग पडली तरी घ्यावी, आणि सातारा, कराड व मिरज येथील आपण खरोखर जाल ती रुग्णालये कॅशलेसच्या यादीत आहेत का, हे त्या रुग्णालयातच विचारावे.

आपण येथे करदृष्ट्या निवासी असाल आणि जुनी करपद्धती निवडत असाल, तर ज्येष्ठांच्या आरोग्य विम्याच्या हप्त्यावर (१९६१ च्या आयकर कायद्यात कलम ८०-डी) ५०,००० रुपयांपर्यंत वजावट आहे. हप्ता रोखीने भरल्यास ती मिळत नाही.

अजिंक्यतारा_पायथा

सर्वांचे आभार. दुरुस्त विवरणपत्राचे काम हाती घेतले आहे आणि माझा ‘बी’ भाग तूर्त चालू ठेवतो. एक शेवटचा प्रश्न पत्नीच्या मेडिकेअरबद्दल. तिचा खरा जन्म कार्तिकातला आहे, परंतु शाळेत गुरुजींनी लावलेली १ जून हीच तारीख पासपोर्टवर आणि सगळीकडे आहे. २०२६ मध्ये ती ६५ वर्षांची होईल. नोंदणीची मुदत कोणत्या तारखेपासून धरावी?

संगम_माहुली

कागदावरची तारीख धरावी. कार्तिक त्यांना कळणार नाही. पहिल्या नोंदणीसाठी सात महिने मिळतात: ६५ पूर्ण होण्याचा महिना, त्याआधीचे तीन आणि नंतरचे तीन. मात्र महिन्याच्या १ तारखेला जन्मलेल्यांना मेडिकेअर आदल्या महिन्यात जन्मलेले समजते, त्यामुळे वहिनींचा महिना जून नसून मे धरला जाईल आणि मुदत फेब्रुवारी ते ऑगस्ट २०२६ अशी होईल. सप्टेंबर धरून बसलात तर चुकेल. गुरुजींच्या कृपेने आपल्या पिढीतील निम्म्या लोकांना हा नियम लागू आहे, तेव्हा बंधू-भगिनींनाही कळवावे.