सायझिंगच्या सिलेंडरला कुठला स्टीम ट्रॅप? बजेट 20 हजार

ओलंसूत_इचलकरंजी:
नमस्कार मंडळी. आमचं छोटं सायझिंग आहे, सुताला खळ लावून वाफेने तापलेल्या सिलेंडरांवर वाळवायचं काम, 7 सिलेंडर, वाफ 3 बार दाबाला. महिनाभर झालं तिसरा आणि चौथा सिलेंडर गार पडतोय, सूत ओलसर राहतंय, पार्टी बीम (सूत गुंडाळलेले रूळ) परत पाठवायला लागली. फिटर म्हणतो ट्रॅप गेले, म्हणजे वाफेचं झालेलं पाणी बाहेर सोडून वाफ आत धरणारे वॉल्व. सगळीकडे टीडी (थर्मोडायनॅमिक) आहेत, चकतीवाले, वडिलांनी लावलेले. कुठले घेऊ? 20 हजारांच्या वर एक रुपया नाही.

वाफकरी:
सातही काढा आणि बॉल फ्लोट लावा. टीडीची चकती एकदा बसली की वरची वाफ गार होईपर्यंत उघडत नाही, तोवर पाणी आतच थांबतं. फ्लोटमधे पाणी आलं की गोळा वर, वॉल्व उघडा, पाणी सलग जातं. आम्ही लावले त्या दिवसापासून ओलाव्याची तक्रार नाही.

शिरोळ_साखर:
टीडीला नावं ठेवू नका. आमच्या कारखान्यात मेन लाइनवर उघड्यावर टीडीच आहेत, लाइनमधल्या पाण्याचा ठोका बसला तरी काही होत नाही. पावसात चकती जास्त कडकडते, वर टोपी लावायची बास. पण घ्यायचाच तर इनव्हर्टेड बकेट घ्या, आत उलटी बादली असते तो.

वाफकरी:
मेन लाइन वेगळी आणि सिलेंडर वेगळा हो!

भिवंडीकर:
मी पण फ्लोटच सांगितले असते पण माझे दोन सहा महिन्यांत गेले. लाइनमधे ठोका बसला, गोळा चेपला, आत पाणी शिरलं, मग तो बुडतो आणि ट्रॅप बंदच राहतो. दुकानदार म्हणाला ठोक्याला गॅरंटी नाही. पैसे गेले ते गेलेच.

डेअरी_सांगली:
आमचा फिटर ट्रॅपला वळसा घालणारा बायपास वॉल्व किलकिला ठेवायचा, काम चालायचं. तुम्ही पण करून बघा, फुकट आहे.

बॉयलरकाका:
बायपास उघडा ठेवणं म्हणजे लाकूड चुलीत न घालता रस्त्यावर टाकणं, कृपा करून कोणी करू नका. आणि पोरा, तू आधी ट्रॅपच्या अलीकडची गाळणी, स्ट्रेनर, उघडून जाळी बघ, गाळाने भरली असेल तर कुठलाही ट्रॅप लाव, सिलेंडर गारच राहणार. दुसरं, सिलेंडर फिरतो, पाणी आतल्या सायफन पाइपातून वर चढून बाहेर येतं, त्या पाइपात वाफ अडकली की ट्रॅपला वाटतं वाफच आली, तो बंद बसतो आणि मागे सिलेंडर पाण्याने भरतो. याला स्टीम लॉक म्हणतात. म्हणून फ्लोट घेताना स्टीम लॉक रिलीजवालाच माग, त्यात एक बारीक सुईवॉल्व असतो, तो अडकलेली वाफ थोडी थोडी सोडतो. साधा फ्लोट घेतलास तर दुखणं तिथंच. आणि पाइप अर्धा इंची म्हणून ट्रॅप अर्धा इंची असं करू नको, ताशी किती किलो पाणी काढायचंय ते दुकानदाराला सांग, थंड सिलेंडर चालू करताना ते कितीतरी जास्त असतं.

शिरोळ_साखर:
ट्रॅपच्या तोंडातून वाफ दिसते म्हणून गेला असं समजू नका हां. 3 बारचं पाणी बाहेर पडलं की त्यातलं 8 टक्के तसंही वाफ होतं. ढग आळसट, पांढरा असला तर ती फ्लॅश, म्हणजे त्या पाण्याचीच झालेली वाफ. तोंडाशी आधी काहीच दिसत नाही, फुत्कार येतो आणि पुढे ढग होतो, ती खरी गळती.

वाफकरी:
तेच म्हणत होतो, सात फ्लोट, रिलीजवाले. नवेच घ्या. 20 हजारांत बसणार नाही, पण एका परत आलेल्या बीमचा हिशोब लावून बघा.

भिवंडीकर:
आणि ट्रॅपमधून निघणारं पाणी गटारात सोडत असाल तर आधी ते बॉयलरच्या फीड टँकला घ्या. फीड पाणी 6 अंशांनी गरम झालं की साधारण 1 टक्का इंधन वाचतं.

ओलंसूत_इचलकरंजी:
सगळ्यांचे आभार. काका, जाळी उघडली, तिसऱ्याची पार शेवाळासारखी भरली होती, धुतली, तिसरा तापला! चौथा अजून गार आहे. आता माझं ठरलंय, शेजारचं बंद सायझिंग भंगारात निघालंय, तिथले सात फ्लोट बजेटमधे मिळतायत, रिलीजवाले आहेत. नवे नाही घेत.

वाफकरी:
जुने?? अहो नका.

बॉयलरकाका:
घेणारच असशील तर प्रत्येकाचं झाकण उघडून गोळा कानाशी हलव. आत पाणी खळखळलं तर तो तिथंच ठेव. वॉल्व टेकतो त्या सीटवर नखाने चाचपून बघ, खाच लागली तर तोही नको. आणि पहिला चौथ्याला लाव.