मदत हवी आहे: एडीएचडी (लक्ष एका जागी टिकवणं अवघड जाणारी स्थिती), टायमर आणि ब्रेकनंतर परत बसणं
कुणी सोबत बसलं की काम सुरू होतं, एवढं जमलंय. व्हिडिओ कॉल, माईक बंद, सुरुवातीला एकच वाक्य: 'फाईल उघडून पहिली ५ बिलं चढवायची.' नुसतं 'हिशेब करायचा' म्हटलं तर हात कुठे घालायचा तेच कळत नाही. मग २५ मिनिटं काम, ५ मिनिटं ब्रेक. टायमर स्वयंपाकघरातला, किल्लीचा. फोनचा नको, कारण तो बंद करायला उचललेला फोन पाऊण तास हातातच राहतो.

घोडं अडतं ब्रेकपाशी. ५ मिनिटांचे ४० होतात. आणि काम रंगात आलं असेल तर टायमरच तंद्री मोडतो, ते वेगळंच! सलग ५० मिनिटं बसावं का? की उठण्याआधी पुढची ओळ अर्धवट सोडावी? ऑफिसच्या खुल्या हॉलमध्ये कसं जमवता? औषधांचं डॉक्टर बघतायत, इथे फक्त युक्त्या सांगा.