न दिसलेल्या पक्ष्यांचीही नोंद लागते

हौशी पक्षीनिरीक्षकांच्या नोंदी भरपूर जमतात, पण प्रजाती घटली की वाढली ते त्यातून कळत नाही, अशी तक्रार असते, आणि ती रास्त आहे. बहुतेक जण दुर्मीळ तेवढेच टिपतात, कावळा-चिमणी सुटते. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर ‘संपूर्ण यादी’ आहे ती यासाठीच: ओळखू आलेला प्रत्येक पक्षी लिहायचा, सोबत सुरुवातीची वेळ, किती मिनिटे, किती अंतर. मग यादीत नसलेला पक्षी ‘आढळला नाही’ असे धरून विश्लेषण करता येते.

नव्या स्वयंसेवकांना लांब फेरी देऊ नका. पाच किलोमीटरच्या यादीतला पक्षी माळावर होता की पाणथळीत, हे नंतर सांगता येत नाही. त्यापेक्षा ठरलेल्या जागी उभे राहून १५ मिनिटे मोजणी, दर आठवड्याला, शक्यतो त्याच वेळी. संख्या मोजली नसेल तर १ लिहू नये, ‘एक्स’ लिहावे. खोटा आकडा नंतर कोणालाच पकडता येत नाही.

आणि कृपा करून घरट्यांची, घुबडांच्या ढोलींची जागा उघड करू नका. आयनॅचरलिस्ट या सजीवांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर संकटग्रस्त प्रजातींचे ठिकाण आपोआप धूसर होते, पण पक्षीनिरीक्षकांच्या गटातल्या निरोपात जागेचे नाव आले की ती सोय वाया जाते.