पवनचक्क्या कुठे येणार याचा नकाशा आधीच जाहीर करावा का?

उंचमाथा (धागाकर्ती):
वाऱ्याचे नकाशे आता कोणालाही बघता येतात. डेन्मार्कचं तंत्र विद्यापीठ आणि जागतिक बँक यांचा 'ग्लोबल विंड अ‍ॅटलस' उघडला की 100 मीटर उंचीवर सरासरी वारा किती, हे 250 मीटरच्या चौकटीत दिसतं. पण वारा कुठे आहे आणि चक्क्या कुठे येणार, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपण त्यांची सर्रास गल्लत करतो.

टेक्सासचंच घ्या. पश्चिम भागात वारा पहिल्यापासून होता, पण वीज वाहून न्यायला वाहिन्या अपुऱ्या, म्हणून फिरणाऱ्या चक्क्याही थांबवाव्या लागत. 2005 मध्ये तिथल्या विधिमंडळाने आधी वाहिन्या बांधायचं ठरवलं, 2008 मध्ये पाच विभागांचा आराखडा ठरला आणि 2014 च्या सुरुवातीपर्यंत सुमारे 5,800 किलोमीटरचं जाळं उभं राहिलं. प्रकल्प त्या तारांच्या मागोमाग गेले.

म्हणजे वारा, उपकेंद्राचं अंतर, उतार, घरांपासून सोडायची जागा, विमानतळ, रडार, जमिनीची मालकी असं सगळं एकावर एक ठेवलं तर 'इथे येण्याची शक्यता जास्त' असा नकाशा करता येतो. कंपन्या असाच हिशेब करूनच जमिनी शोधतात. माझं म्हणणं इतकंच की तो जमिनीवर राहणाऱ्यांच्याही हातात पडावा, आणि भाडेपट्ट्याचे कागद पुढे येण्याआधी पडावा. नॉर्वेतल्या फोसेनमध्ये स्टूरहेइआ आणि रोआन इथे 151 चक्क्या उभ्या राहिल्या, आणि ऑक्टोबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवाने अवैध ठरवले, कारण रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांच्या सांस्कृतिक हक्कांवर गदा आली होती. तोवर पाती फिरत होती. चराऊ कुरणं आधी नकाशावर घेतली असती तर?

बांधावरून:
फोसेनचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. कुरणं कुठे आहेत हे तिथे कोणाला ठाऊक नव्हतं? सामी कुटुंबं बांधकामाआधीपासून न्यायालयात भांडत होती. डिसेंबर 2018 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीनेही स्टूरहेइआचं काम थांबवायला सांगितलं होतं. काम चालूच राहिलं. तिथे नकाशा कमी पडला नाही, ऐकण्याची तयारी कमी पडली. उलट तुमचा नकाशा हातात आला की अधिकारी म्हणणार, 'हा भाग तर आधीच ठरलेला आहे.' शक्यतेचा रंग भरला की लोक त्याला निर्णय समजतात, आणि मग तो खरंच निर्णय होऊन बसतो. शिवाय दलाल आहेतच. गडद रंगाच्या पट्ट्यात सर्वांत आधी तेच पोचतील.

उंचमाथा:
फोसेनबद्दल तुमचं बरोबर आहे, मी उदाहरण घाईत दिलं. दलालांचं मात्र पटत नाही. ते आजही आधीच पोचतात. माळावर एक दिवस ताणाच्या तारांनी बांधलेला बारीक, उंच खांब उभा राहतो, त्यावर वेगवेगळ्या उंचीवर वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या वाट्या फिरत असतात. गावाला सुगावा लागतो तो तेव्हा. तोवर आसपासच्या जमिनींचे करार बऱ्याचदा झालेले असतात. शेजाऱ्याने कोणत्या अटीवर सही केली हेही एकमेकांना माहीत नसतं.

चौकट२५०:
मी असे नकाशे करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. 'शक्यता' कशावरून काढतात? जिथे चक्क्या आहेत त्या जागा संगणकाला 'हो' म्हणून शिकवायच्या आणि बाकीच्या जागांतून काही 'नाही' म्हणून. खोट या 'नाही'त आहे. चक्की नसलेली जागा अयोग्यच असते असं नाही, तिथे कदाचित अजून कोणी पोचलेलंच नसतं.

जर्मनीतल्या बव्हेरियात 2014 साली नियम आला की घरांपासून चक्कीच्या उंचीच्या दहापट अंतर सोडा. 200 मीटरच्या चक्कीला 2 किलोमीटर! नवीन प्रकल्प जवळजवळ थांबले. हा नियम वेगळा थर म्हणून दिला नाही, तर संगणक शिकतो की तिथल्या टेकड्याच वाईट. 2022 मध्ये नियम शिथिल व्हायला लागला, आणि जुना नकाशा एका फटक्यात चुकीचा ठरला.

दुसरं म्हणजे यंत्रं बदलली. पात्यांचा घेर वाढला तशी मध्यम वाऱ्याची जमीनही परवडू लागली. जुन्या चक्क्यांवरून शिकलेला नकाशा ती जमीन फिकट दाखवतो, आणि नेमके तिथले लोक गाफील राहतात.

वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाने वाढते. सेकंदाला 6 मीटरऐवजी 7 मीटर वारा धरला की ती सुमारे 59 टक्के जास्त होते. अंदाजात अर्ध्या मीटरची चूक झाली तरी रंग बदलतो. म्हणून माझा विरोध नकाशाला नाही, एकाच रंगाच्या ठाम नकाशाला आहे.

गवताळ:
मी उंचमाथांच्या बाजूने. कॅलिफोर्नियातल्या अल्टामाँट खिंडीत 1980 च्या दशकात चक्क्यांची दाटी झाली आणि सोनेरी गरुड मरत राहिले. ती शिकारी पक्ष्यांची जागा होती. गरुडांच्या बाबतीत जागेची निवड हाच मोठा उपाय, नंतर फार थोडं हातात उरतं.

वटवाघळांचं वेगळं आहे. चक्कीखालचं मेलेलं वटवाघूळ तळहातावर मावतं, गवतात माणसाला दिसतही नाही, म्हणून शोधायला कुत्री नेतात. वटवाघळं बहुतेक मंद वाऱ्याच्या रात्री मरतात. त्या रात्री वाऱ्याचा वेग जरा वाढल्यावरच चक्की सुरू केली तर मृत्यू निम्म्याच्या आसपास घटतात आणि वीज थोडीच कमी होते. हे नकाशात येत नाही, परवान्याच्या अटीत यावं लागतं.

बांधावरून:
परवान्याची अट पाळली जाते का, हे रात्री कोण बघणार? पण ते असो. चौकट२५० म्हणतात तसे थर वेगळे ठेवले तर माझा निम्मा आक्षेप जातो. उरलेला निम्मा असा की गडद भागातल्या ग्रामसभेला 'नाही' म्हणायचा हक्क नकाशाआधी मिळाला पाहिजे. नुसती माहिती आणि हातात काही नाही, यात माणूस जास्त पिचतो.

उंचमाथा:
हे मान्य. मग मागणी बदलते: नियमांचा थर वेगळा आणि काढता-घालता येणारा, प्रत्येक चौकटीला अंदाजाची वरची-खालची मर्यादा, नकाशावर तारीख, आणि ग्रामसभेच्या ठरावाशिवाय गडद भागात वाऱ्याचा खांबसुद्धा उभा करायचा नाही.

चौकट२५०:
खांबाची अट नको. मोजमापच झालं नाही तर आमचा अंदाज कधीच सुधारणार नाही. मोजणी होऊ द्या, करार थांबवा.

बांधावरून:
मोजणी चालेल. पण आकडे गावालाही द्या.