मेल्यावर शेणी देतो, त्याआधी काय? कोल्हापूरच्या तालमींनी पॅलिएटिव्ह केअरमध्ये उतरावं का?

गंगावेशकर

मागच्या महिन्यात गल्लीतल्या एका काकांना पंचगंगेवर पोचवून आलो. महापालिका स्मशानात पैसे घेत नाही. शेणीही, म्हणजे चितेच्या गोवऱ्याही, लोकांनीच दान केलेल्या, त्यात होळीला आमच्या तालमीनं, म्हणजे पेठेतल्या मंडळानं, दिलेल्याही असतील. साठ-सत्तर माणसं होती. परत येताना मी हिशेब केला, की त्याआधीच्या चार महिन्यांत यातली किती जणं काकांच्या घरात गेली? मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा शहाळं देऊन दारातूनच परत.

काकांना तोंडाचा कॅन्सर होता. दवाखान्यानं "आता घरी न्या, सेवा करा" म्हणून सोडलं. सेवा म्हणजे काय करायचं ते कुणी सांगितलं नाही. रात्री दीड-दोनला त्यांचं विव्हळणं गल्लीभर ऐकू यायचं. खोटं कशाला बोलू, आम्ही टीव्हीचा आवाज वाढवायचो.

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे "आता काही उरलं नाही" म्हणून हात वर करणं, असं मलाही वाटायचं. तसं नाही. आजार बरा होणार नसेल तरी दुखणं, धाप, मळमळ, जखमेचा वास, झोप न लागणं, मनातली भीती यांवर उपचार असतात, आणि ते फक्त कॅन्सरवाल्यांसाठी नसतात. किडनी, हृदय, अर्धांग, सगळ्यांसाठी. केरळात कालिकतला १९९३ मध्ये डॉक्टरांनी हे काम सुरू केलं, पुढं मलप्पुरममध्ये ते शेजारपाजाऱ्यांच्या हातात गेलं. रिक्षावाले, दुकानदार, मास्तर, कॉलेजची पोरं आपापल्या भागातले अंथरुणाला खिळलेले लोक वाटून घेतात.

आपल्याकडं पेठेपेठेत तालीम आहे. २०१९ च्या पुरात कोण उतरलं होतं पाण्यात? मग प्रत्येक तालमीनं एअर बेड, व्हीलचेअर, ऑक्सिजनचं मशीन ठेवावं, चार पोरं आळीपाळीनं रुग्णाजवळ बसवावीत आणि महिन्याच्या वर्गणीतून एक नर्स नेमावी. जमेल का? बोला.

बावडेकर_७२

जमणार नाही, आणि जमू नये.

पूर आला, बोलवा तालीम. कोरोना आला, बोलवा तालीम. आता मरणालाही तालीम. मग घरपट्टी कशाला भरतो आपण? दादा, तुम्ही केरळचं अर्धंच सांगितलं. २००८ ला तिथल्या सरकारनं धोरण काढलं आणि गावोगावच्या पंचायतींना नर्स नेमून घरोघरी पाठवायला लावलं. लोक आधी आले हे खरं, पण गाडा चालला तो सरकारी पैशावर. आपल्याकडं आयुष्मान आरोग्य मंदिराच्या, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्राच्या, १२ सेवांच्या यादीत पॅलिएटिव्ह केअर आहे. तुमच्या भागातल्या केंद्रात जाऊन "ही सेवा कोण देतं?" एवढं विचारा. तालमीनं वर्गणी काढली की साहेब खूश, त्यांच्या डोक्यावरचं ओझं गेलं.

आणि पोरांचा दम अकरा दिवसांचा. बाराव्या दिवशी मंडपाचे बांबू काढायला माणूस मिळत नाही. हा माणूस चार-चार महिने पडून असतो.

सिस्टर_राजारामपुरी

चौदा वर्षं घरी जाऊन पेशंट बघते, म्हणून लिहिते.

हौशी माणसाला पेशंटजवळ बसवायला माझा विरोध आहे. एका घरी शेजारच्या काकूंनी आजोबांना मायेनं पेज भरवली. आजोबांना गिळता येत नव्हतं. पेज फुप्फुसात गेली, चार दिवसांत संपलं. काकूंना अजून वाटतं की जाताना दोन घास पोटात गेले. मी सांगितलं नाही.

दर दोन तासांनी कूस बदलायची असते, रात्रीसुद्धा. एअर बेड आहे म्हणून ते चुकत नाही, हे लोकांना कळत नाही. तोंडाच्या कॅन्सरच्या जखमेला जो वास येतो, त्यानं घरची माणसंही खोलीत जायचं टाळतात. मेट्रोनिडाझोलची साधी गोळी कुटून डॉक्टरांच्या सल्ल्यानं जखमेवर टाकली, तर बऱ्याचदा दोन-तीन दिवसांत वास कमी होतो. गोळी काही रुपयांची. नातवंडं पुन्हा आजोबांजवळ बसलेली मी बघितली आहेत.

पण गंगावेशकर, तुमचे काका विव्हळत होते ना? त्यावर तालीम काय करणार? त्याला मॉर्फीन लागतं, जोरदार दुखण्यावरचं अफूपासूनचं औषध. ते दर मेडिकलमध्ये मिळत नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानं इतके परवाने लावले की दवाखान्यांनी ते ठेवणंच सोडून दिलं. २०१४ मध्ये कायदा सुधारला, परवान्यांचं जंजाळ कमी झालं. आता मान्यता घेतलेली संस्था आणि प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर असला की पुरतं. तरी "सवय लागेल" म्हणून लोक घाबरतात. महिनाभर जगणाऱ्या माणसाला कसली सवय लागणार हो? साध्या गोळीचा असर चार तास टिकतो, म्हणून घड्याळ लावून द्यायची, आणि पोट साफ व्हायचं औषध सोबत. एवढंच तर तंत्र आहे. तेव्हा पैसे गोळा करायचेच असतील, तर एका डॉक्टरला आणि दोन नर्सना शिकून यायला पाठवा. बाकीचं नंतर.

लाल_माती

सिस्टर, पोरं पुरातनं म्हशी काढत्यात. माणसाची कूस बदलायला शिकीवलं तर शिकत्याल की. लई अवघड करू नगा.

सिस्टर_राजारामपुरी

शिकवीन. पण म्हैस बोलून दाखवत नाही, भावा. पेशंट बोलतो, "मी बरा होणार ना?" त्याला काय सांगणार ते आधी ठरवून या.

उंबरठा

सगळं वाचलं. घरी मरण चांगलं, माणसांत मरण चांगलं असं लिहिणारे बहुतेक पुरुष दिसतात.

माझ्या सासूबाई अकरा महिने अंथरुणाला होत्या. त्या अकरा महिन्यांत "घर" म्हणजे मी. नळी, डायपर, अंघोळ, औषधं, आल्यागेल्याचा चहा. माझी शाळेतली नोकरी गेली. नवरा वाईट नाही, पण आईचं अंग पुसायचं म्हटलं की तो गॅलरीत जायचा. भेटायला लोक आले नाहीत असं नाही, खूप आले. सगळ्यांनी शहाळी आणली. सासूबाईंना गिळता येत नव्हतं. एकदा मोजली, पलंगाखाली अकरा होती.

आणि गल्ली घरात नकोच होती मला. सासूबाईंना कॅन्सर म्हणून सांगितलंच नव्हतं, "गाठ आहे" एवढंच. तालमीची चार पोरं पाळी लावून बसली असती तर अख्ख्या पेठेला कळलं असतं आणि त्यांनाही. हे चूक होतं का, माहीत नाही. पण ते आमच्या घरानं ठरवायचं, वर्गणीदारांनी नव्हे.

मला हवी होती एक जागा. आठ दिवस त्यांना तिथं ठेवून झोपता आलं असतं अशी. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस म्हणतात, म्हणजे बरा न होणाऱ्या रुग्णाला ठेवून सांभाळणारी जागा. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे, कॅन्सरच्या रुग्णासोबत घरच्यालाही राहता येतं, तेही मोफत. मला ते कळलं सासूबाईंच्या तेराव्याला, एका पाहुण्याकडून. कोल्हापुरात दहा खाटांची अशी जागा उभी करायला पैसे मागा. लगेच देते.

हिरण्यकेशी

मी गडहिंग्लजकडचा. तुमची दहा खाटांची जागा शहरात होणार. चंदगडच्या माणसाला ती शंभरेक किलोमीटर. दुखणाऱ्या माणसाला त्या रस्त्यानं आणायचं म्हणजे वाटेतच हाल.

आमच्याकडं तालीम नसली तरी गावात दूध संस्था असते. सकाळ-संध्याकाळ घरटी माणूस डेअरीवर येतो. कोण पडून आहे, कुणाची म्हैस कोण पिळतंय, सगळं तिथं कळतं. घरातला कर्ता आजारी पडला की आधी दूध घटतं. दर दहा दिवसांच्या बिलातनं घरटी पाच रुपये कापले तर चार-पाच गावांत मिळून एक नर्स आणि तिच्या गाडीचं पेट्रोल सहज निघेल. मोबाईलवर डॉक्टर, दारात नर्स. इमारत नको.

बावडेकर_७२

अजून एक कपात! बिलातनं आधीच काय काय कापलं जातं ते शेतकऱ्याला विचारा. आणि कपात एकदा चालू झाली की नर्स बंद पडली तरी कपात चालूच राहते, हा आपला इतिहास आहे.

स्पष्टवक्ता

एवढ्या भानगडींपेक्षा इच्छामरण द्या. सुटला माणूस, सुटलं घर.

सिस्टर_राजारामपुरी

सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये जे मान्य केलं ते वेगळं आहे. बरं होण्याची आशा नसलेल्या माणसाचं यंत्रावरचं जगणं थांबवता येतं, आणि "मला यंत्रावर ठेवू नका" असं शुद्धीत असताना लिहून ठेवता येतं. इंजेक्शन देऊन संपवायला परवानगी नाही. बाकी "मला मारून टाका" म्हणणारे पेशंट मला दर महिन्याला भेटतात. दुखणं थांबलं की त्यातले बरेच जण चहा मागतात.

गंगावेशकर

उंबरठाताई, शहाळ्याचं वाचून गप्प बसलो थोडा वेळ.

तुमचं आणि सिस्टरचं मान्य. पोरांनी रुग्णाच्या खोलीत जायचं नाही. पण उंबऱ्याबाहेर कामं कमी आहेत का? आमच्या पेठेतल्या जुन्या घरांचे जिने बघा, स्ट्रेचर वळत नाही, माणसाला खुर्चीत बसवून खाली आणावं लागतं. रात्री दोनला औषध आणणं, रांगेत नंबर लावणं, केसपेपर काढणं. हे बोलावल्याशिवाय करायचं नाही आणि कुठं सांगायचं नाही.

बावडेकर, तुमचं मात्र पटत नाही. १९०१ पासून शाहू महाराजांनी इथं वसतिगृहं उभी केली, तेव्हा दरबारनं जागा, देणग्या दिल्या आणि चालवायला त्या त्या समाजाची माणसं पुढं आली. त्या माणसांना कुणी "दरबाराचं ओझं उचलू नका" म्हटलं नाही.

बावडेकर_७२

म्हणजे आधी दरबारनं दिलं! मीही तेच म्हणतोय. तुम्ही वर्गणीपासून सुरुवात करताय, मी अर्जापासून करा म्हणतोय. महापालिकेला आणि जिल्हा परिषदेला दोन ओळींचा माहिती अधिकार टाकतो: पॅलिएटिव्हसाठी किती नर्स नेमल्या, मॉर्फीन कुठं मिळतं. उत्तर येईपर्यंत तुम्ही वर्गणी काढू नका. काढलीत तर माझी पावती फाडू नका.

उंबरठा

उत्तर येईपर्यंत जे पडून आहेत त्यांचं काय, दादा? असो.

आमच्या माळ्यावर एअर बेड आहे. मोटर चालू आहे, एका कप्प्यातून हवा जाते. कुणाला हवा असेल तर घेऊन जा. देणगीदार म्हणून बोर्डावर नाव नको.

लाल_माती

पंक्चर आमच्यात काढतो. कुठं यायचं, ताई?