राक्षस आल्यानंतरचं जग : गोष्ट कुठे रंगते, कुठे फसते? (अनुभव धागा)

जग बुडालंय, शहरं ओस पडलीत, रात्री बाहेर काहीतरी फिरतंय आणि चार-पाच माणसं कशीबशी तग धरून आहेत. हा कथाप्रकार आवडीने वाचणारे इथे बरेच आहेत. त्यांतले काही पेशाने किंवा छंदाने एकेका विषयाचे जाणकार आहेत, हा धागा खास त्यांच्यासाठी. आपापल्या विषयापुरतं, आकड्यांसकट लिहा. 'मला फार भीती वाटली' छापाचे प्रतिसाद नकोत.

सुरुवात मीच करतो. या प्रकारातली खरी मजा हल्ल्यात नसून घरकामात असते. रिचर्ड मॅथिसनच्या 'आय ॲम लेजंड'मध्ये (१९५४) रक्तपिपासू रोज रात्री दारात येतात, पण वाचकाला धरून ठेवतो तो नायकाचा दिवस : लसणाच्या माळा बदलणं, लेथवर लाकडी खुंट्या काढणं, खिडक्यांच्या फळ्या ठोकणं, जनरेटर बघणं, अंधाराच्या आत परतणं. घड्याळ बंद पडतं तेव्हा पोटात गोळा येतो, कारण तोवर आपण त्याचं वेळापत्रक पाठ केलेलं असतं.

रानवाटा
राक्षसाच्या पोटाचा हिशोब फार कमी लेखक करतात. एका वाघाला वर्षाला चितळाएवढी साधारण ५० जनावरं लागतात. कळप न घटता ती मिळायची तर रानात ५०० जनावरं हवीत, कारण साधारण दहा टक्केच उचलता येतात. आता खोऱ्यात २,००० माणसं आणि वाघाएवढ्या भुकेचे ४० राक्षस ठेवा. ४० गुणिले ५० म्हणजे वर्षभरात माणसं संपली, आणि पाठोपाठ राक्षसही उपाशी मेले. 'वीस वर्षांनंतर' अशी पाटी टाकून राक्षस धष्टपुष्ट दाखवायचे असतील तर त्यांनी मधल्या काळात काय खाल्लं ते सांगा.

यातून सुटायच्या वाटा आहेत आणि प्रत्येक वाटेवर वेगळी गोष्ट मिळते. राक्षस थंड रक्ताचा करा. मगर महिनोन्महिने उपाशी राहू शकते. मग थंडीतल्या पहाटे तो सुस्त असणार, आणि पाणी आणायची वेळ आपोआप ठरते. किंवा त्याला वनस्पती करा. जॉन विंडमच्या 'द डे ऑफ द ट्रिफिड्स'मधली (१९५१) चालती झाडं म्हणूनच पटतात. झाडाला घाई नसते, ते कुंपणाबाहेर वर्षभर उभं राहू शकतं.

आकाराचंही तेच. उंची दहापट केली की वजन हजारपट होतं, पण हाडाचा छेद शंभरपटच. पाण्यात राक्षस कितीही मोठा चालेल. जमिनीवर शंभर फुटी धूड धावत सुटलं की माझं पुस्तक मिटतं.

ध्वनिलहरी
आवाजावर धावणाऱ्या राक्षसांबद्दल. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. साधं बोलणं एक मीटरवर ६० डेसिबल धरा. ३२ मीटरवर ते ३० होतं, ६४ वर २४. खेड्यातली शांत रात्र २५-३० च्या आसपास असते, म्हणजे पन्नासेक मीटरनंतर बोलणं पार्श्वभूमीत बुडतं. इथे लेखक म्हणतात, 'पण त्याचे कान तीक्ष्ण आहेत.' कान कितीही तीक्ष्ण असोत, त्याच पट्टीतल्या मोठ्या आवाजाखाली दबलेला आवाज वेगळा काढणं त्यांनाही जड जातं. 'अ क्वाएट प्लेस' या चित्रपटात (२०१८) बाप-लेक धबधब्याशी जाऊन मोकळेपणी ओरडतात, तो प्रसंग म्हणूनच चोख आहे.

बहुतेक जण विसरतात ते असं : रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते, त्यामुळे आवाज वर न जाता खाली वाकतो आणि दुपारपेक्षा लांब पोचतो. वारा ज्या दिशेला वाहतो तिकडेही लांब जातो. रात्री गुपचूप निघणाऱ्या टोळीने हे दोन्ही बघायला हवं. आणि घोरणाऱ्याचं काय करायचं, हा प्रश्न एकाही पटकथेत नाही.

(आपल्याकडे अशी गोष्ट घडली तर जुलैत चंगळ. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना भांडी घासा, लाकडं फोडा, भांडणंसुद्धा उरकून घ्या.)

गॅरेजवाला
तिसऱ्या वर्षी बेवारस गाडीला चावी लावली आणि ती सुरू झाली, की संपलं. साधं पेट्रोल काही महिन्यांत उतरायला लागतं, हवाबंद असलं तर वर्षभर धरा. हलके घटक उडतात आणि उरलेल्याचा डिंक होऊन बारीक छिद्रं बुजतात. आपल्याकडच्या २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचं दुखणं आणखी वेगळं. इथेनॉल हवेतली वाफ ओढतं, पुरेसं पाणी जमलं की दोघांचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो. इंधन उचलणारी नळीही तळाशीच असते. डिझेल जास्त टिकतं, पण टाकीत पाणी साचलं की त्यात जंतूंचा चिखल होऊन फिल्टर चोंदतात. बॅटरी तर त्याआधीच बसलेली असते.

त्यामुळे पहिलं वर्ष गाड्यांचं, पुढची सायकलींची. पंपावरचं पेट्रोल जमिनीखालच्या टाकीत असतं, वीज गेल्यावर नोझल दाबून काही येत नाही. झाकण उघडून हातपंपाने उपसावं लागतं, आणि वाफ साचलेली असताना तिथे कंदील नेणारं पात्र पुढच्या पानावर असू नये.

पाण्यासाठी गावातला हापसा हे खरं यंत्र. वीज लागत नाही, दुरुस्ती पान्याने होते. फक्त सिलिंडरमधली वायसरं झिजतात. पाच रुपयांच्या वायसरासाठी राक्षसांच्या इलाक्यातून तालुक्याला जाणं, एवढ्या एका गोष्टीवर अख्खं प्रकरण उभं राहतं.

पाणीवाली
हापशाला अनुमोदन, पण विहीर किंवा तळं असेल तर ब्लीचिंग पावडर लागेल. ३३ टक्के क्लोरीनवाली चांगली पावडर १,००० लिटरला साधारण २.५ ग्रॅम, आणि नंतर एक तास थांबायचं. पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्या, नाहीतर क्लोरीन त्या मातीतच खर्च होतो. पावडरीचा डबा एकदा उघडला की उष्णतेने आणि दमटपणाने तिचा जोर उतरत जातो. म्हणजे कथेतल्या टोळीने मोजून तेवढीच टाकली तरी दुसऱ्या पावसाळ्यात लोक आजारी पडतात आणि कारण कुणालाच कळत नाही. राक्षसाशिवायची भीती आयती मिळते.

कोठीघर
मदतकार्यात माणशी दिवसाला २,१०० कॅलरी धरतात. तांदळाच्या किलोत साधारण ३,५००. नुसत्या भातावर भागवायचं तर रोज ६०० ग्रॅम, म्हणजे चौघांना महिन्याला ७२ किलो. पाठीवरच्या पिशवीत 'वर्षभराचा शिधा' भरणाऱ्यांनी हे एकदा मांडून बघावं. पांढरा तांदूळ कोरडा आणि सोंड्यांपासून जपला तर वर्षानुवर्षं टिकतो. हातसडीचा मात्र कोंड्यातल्या तेलामुळे काही महिन्यांत खवट होतो. शहाणी टोळी आधी हातसडीचा संपवते.

नकटीचं लग्न
सगळं वाचलं आणि पटलं. तरी एक तक्रार : हे सगळं पानावर आलं तर गोष्टीची रेशन-दुकानातली वही होईल. लेखकाने हिशोब पूर्ण करावा आणि दाखवावा एकच तुटवडा. आकडा तीनदा द्यावा : भरपूर असताना सहज, निम्मं झाल्यावर भांडणात, आणि शेवटी निवड करायच्या क्षणी. मधल्या वेळी वाचक स्वतः वजाबाकी करत असतो, ती त्याच्या हातून काढून घेऊ नये.

तोडगाही आधी पेरलेला हवा. वेल्सच्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'मध्ये (१८९८) मंगळवासी जंतूंनी मरतात, त्याला लोक फुकटचा शेवट म्हणतात. पहिलाच परिच्छेद उघडून बघा, सूक्ष्मदर्शकाखाली पाण्याच्या थेंबात वळवळणारे जीव तिथेच आहेत.

गोळ्या-बाटल्या
औषधांबद्दल दोन गोष्टी. तारीख उलटली की गोळीचं विष होतं, हे बहुतेक गोळ्यांबाबत खरं नाही. अमेरिकी लष्कराच्या साठ्यांच्या तपासणीत मूळ बंद वेष्टनातली आणि नीट ठेवलेली बरीच औषधं तारखेनंतर काही वर्षं चांगली निघाली. (हे कथेपुरतं, घरी प्रयोग नकोत.) पण पातळ औषधांना हा नियम लावू नका, इन्सुलिनला तर नाहीच. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची, आणि बाहेर ३० अंशांखाली साधारण २८ दिवस धरायचे. टोळीत इन्सुलिनवरचं एखादं मूल असेल तर राक्षसापेक्षा ते घड्याळ मोठं.

ध्वनिलहरी
@गोळ्या-बाटल्या, माठात ठेवून चालेल ना?

गोळ्या-बाटल्या
विदर्भात एप्रिल-मेमध्ये चालेल. हवा कोरडी असल्याने पाणी झपाट्याने उडतं आणि माठ चांगला गार होतो. कोकणात दमट हवेत माठ फारसा उतरत नाही. तिथे बाटली डब्यात घालून विहिरीत, पाण्याच्या जरा वर टांगायची. ८ अंश मिळणार नाहीत, पण ३० च्या आत राहील. म्हणजे उन्हात जाणारे दिवस वाचतात, २८ चे २८० होत नाहीत.